पडलेलं विमान समोर ठेवून

रिमोट खाली ठेवू नका. डावी काठी पूर्ण खाली ओढा, मोटर बंद राहू द्या, आणि जिथं उभे आहात तिथंच उभे राहा.

विमान पडतं तेव्हा आवाजापेक्षा नंतरची शांतता जास्त जाणवते. मघापर्यंत डोक्यावर एक घरघर होती. लांब गेली की पातळ व्हायची, जवळ आली की भरून यायची, आणि कान सगळे तिच्याकडे लागलेले असायचे. मग काड्या मोडल्याचा कडकड आवाज होतो आणि पुढं काहीच नाही. कुठंतरी होला घुमतोय, रस्त्यानं एक ट्रॅक्टर चाललाय, हे तेव्हा पहिल्यांदा ऐकू येतं. ते ऐका. पाय धावायला निघालेले असतात, त्यांना थोडं धरून ठेवा.

माझं विमान असं पडलं ते बिलोलीच्या शिवारात, बोधनकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, फाल्गुनातल्या एका सकाळी. कापूस वेचून झाला होता, पऱ्हाटी उपटायची राहिली होती. शेजारच्या पडीक वावरात उभा राहून मी उडवत होतो. विमान थर्मोकोलचं, घरी कापलेलं. पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १२० सेंटिमीटर, बॅटरीसकट वजन पाऊण किलोच्या आसपास. महिनाभर ओसरीवर तुकड्या-तुकड्यानं ते वाढलं होतं. असं काही पडलं की छातीत हलतं. हलू द्या. खेळण्यासाठी काय एवढं, असं म्हणून मनाला दटावू नका.

आता खूण धरा. विमान ज्या रेषेत खाली गेलं, त्याच रेषेत लांबवर काय आहे ते बघा. मला त्या दिवशी एक वाकडा कडुलिंब मिळाला. ही खूण धरली नाही तर पऱ्हाटीत शिरल्यावर दहा पावलांत दिशा जाते; कमरेएवढ्या वाळक्या काड्यांतून चारी बाजूंना एकच चित्र दिसतं. झाडावर नजर ठेवून चाला. काड्या पायाला घासतील, त्यांचा आवाज होईल. श्वास आपल्या चालीनं चालू द्या. विमान आता कुठंही जाणार नाही. जे व्हायचं ते होऊन गेलंय, आणि तुमच्या धावण्यानं त्यातलं काही कमी होत नाही.

पोचलात की उचलू नका.

हे मी शिकलो एनसीसीच्या एका शिबिरात. तिथं मी पहिल्यांदा मॉडेल विमान बघितलं. दोन तारांना बांधलेलं, चालवणाऱ्याभोवती गोल गोल फिरणारं. तिसऱ्या फेरीत ते जमिनीला लागलं. आम्ही पोरं धावलो, आणि आमच्या शिक्षकांनी हात पाठीमागं बांधले. हात बांधूनच ते विमानाभोवती एक पूर्ण चक्कर फिरले, मगच खाली बसले. त्या वेळी मला ती शिस्त वाटली होती. आता वाटतं, त्यांचेही हात शिवशिवत असणार, म्हणून तर बांधावे लागले.

तुम्हीही हात पाठीशी घ्या आणि एक चक्कर मारा. मात्र त्याआधी एक काम करावंच लागतं: बॅटरी सोडवायची. पंख्यापासून बोटं लांब ठेवून, विमान न हलवता, फक्त जोडणी काढा. ही लिपो बॅटरी असते, माझी तीन सेलची, २२०० एमएएचची. भरलेली असताना एकेका सेलमध्ये ४.२ व्होल्ट असतात. मार बसलेली लिपो वरून ठीक दिसली तरी आत दोन थर एकमेकांना टेकलेले असू शकतात. अशी बॅटरी तासाभरानंही पेट घेऊ शकते. तिला नाकाजवळ नेऊ नका. पण गोडसर, थोडा औषधी वास येत असेल, पोट फुगलं असेल, कोपरा चेपला असेल, तर ती संपली असं धरा. आमच्या तालुक्यात मांजरेची लाल रेती आहे, तिचं एक जुनं मडकं भरून मी शेतातल्या आखाड्याबाहेर उघड्यावर ठेवलंय. पडलेल्या विमानाची बॅटरी दिवसभर त्याच्यात राहते. गवत, पऱ्हाटीचे भारे, कडब्याची गंजी, सगळं तिथून लांब.

आता चक्कर मारा. सावकाश.

माझं विमान डाव्या कुशीवर पडलेलं होतं. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेत पऱ्हाटीची एक काडी चार बोटं आत शिरली होती आणि तशीच उभी होती. उजव्या पंखाला कशाचाही धक्का लागलेला नव्हता, तरी तो मुळाशी अर्धा फाटला होता. नाक मातीत रुतलेलं. शेपूट, जिला जमिनीनं शिवलंसुद्धा नव्हतं, ती एका बाजूला लोंबत होती.

इथं थांबा आणि त्या क्षणात परत जा. डावा पंख काडीला लागला आणि अडला. उजव्या पंखाला ते ठाऊक नव्हतं, तो आपल्या वेगानं पुढं चालला होता; म्हणून तो मुळाशी फाटला. नाक मातीत थांबलं, शेपटीला ते ठाऊक नव्हतं. तिचा वेग तिच्याकडेच राहिला होता आणि तो तिनं बॉडीच्या सगळ्यात बारीक जागी खर्च केला. धक्का एके ठिकाणी बसतो आणि मोड दुसऱ्या ठिकाणी दिसते. विमानातून जोर कसा वाहत गेला, ते बोटानं हवेत काढून बघा: काडीपासून पंखात, पंखाच्या पोटातल्या कामटीतून मध्यावर, तिथून बॉडीत, बॉडीतून मागं. पाटाचं पाणी वावरात कुठून कुठं गेलं हे सकाळी ओल बघून कळतं ना, तसंच हे.

पंख बॉडीला रबरांनी बांधलेला होता. चार रबरांपैकी दोन तुटले होते, दोन निसटले होते. या रबरांकडे जरा जास्त वेळ बघा, कारण ते तुटण्यासाठीच असतात. पंख बॉडीला पक्का चिकटवला असता तर सगळा जोर तिथंच कोंडला असता आणि दोन्ही गेले असते. नवशिक्यांच्या विमानात पंख रबरानं बांधायची पद्धत जगभर आहे. रुपया-दोन रुपयांची वस्तू मोडून महिनाभराची मेहनत वाचते, असा तो सौदा. ते तुटलेले रबरही मी खिशात घातले.

माझ्यासोबत शेजारचा एक आठवीतला मुलगा होता. तो म्हणाला, “काका, वारं लई होतं ना?”

“हो रे, एकदम झोत आला,” मी म्हणालो.

माझा त्यावर विश्वास होता. वारं होतंच. वळण घेताना नाक खाली गेलं, मी उजवी काठी ओढली, नाक वर आलं नाही. मधे वारा आल्याखेरीज असं कसं होईल? आम्ही दोघांनी मिळून ते ठरवून टाकलं.

मग तुकडे गोळा करायला बसलो. सगळे घ्या, बोराएवढा असला तरी. थर्मोकोल दाण्यादाण्यांच्या सीमेवर फाटतो, आणि मोडीच्या दोन्ही बाजूंचे खळगे-उंचवटे एकमेकांत नेमके बसतात. तेवढी नेमकी जागा तुम्हाला पात्यानं कापून कधीही मिळणार नाही. आमची जमीन काळी. फाल्गुनापर्यंत ती भेगाळते, आणि या भेगा तळहात उभा मावेल एवढ्या खोल असतात. मोटरचा एक बारीक स्क्रू त्यातल्या एका भेगेत गेला. मुलानं काडी घालून बघितलं. नाही मिळाला. एखाद्या वस्तूचा शोध सोडून द्यायची वेळ येते, ती बिनरागानं येऊ द्या.

घरी आलो. ओसरीवर पांढरी चादर अंथरली आणि सगळे तुकडे विमानातल्या आपापल्या जागी मांडले, मधे बोटभर फट ठेवून. तुमच्यासमोरही आता असं काही असेल. विमानच पाहिजे असं नाही.

बसा. पाच मिनिटं काही करायचं नाही. गोंद अजून आणलेला नाही, तो दिसणार नाही अशा ठिकाणी असलेलाच बरा. आपल्याकडे श्रवणानंतर मनन सांगितलंय. वावरात जे डोळ्यांनी ऐकलं ते आता आत फिरू द्या.

नंतर डोळे मिटा आणि डाव्या पंखावरून बोटं फिरवा, मुळापासून टोकाकडे, एकदा वरून, एकदा खालून. डोळ्यांना पंख सपाट दिसतो, बोटांना दुमडणी कळते. थर्मोकोल दाबला गेला की त्याचे दाणे चेपतात आणि परत फुलत नाहीत, तिथं तो किंचित टणक लागतो. कागदी वेष्टण आतून सुटलं असेल तर तिथं बोटाखाली हवा हलल्यासारखी वाटते. आता नखानं टिचक्या मारा, माठ घेताना मारतो तशा. टक्, टक्, टक्, आणि एका ठिकाणी आवाज बसतो. तिथं पेन्सिलनं छोटं वर्तुळ काढा. आत काहीतरी मोडलंय. माझ्या पंखात त्या वर्तुळाखाली बांबूची कामटी उभी चिरली होती. वरून तिथं काहीही दिसत नव्हतं, काडी जिथं शिरली तिथून ती जागा वीतभर लांब होती.

पंख डोळ्यांसमोर आडवा धरून मागून बघा, पीळ आहे का. मोटरचा पंखा काढून दांडा बोटानं फिरवा. टोक थरथरत असेल तर दांडा वाकलाय. सर्व्हो म्हणजे विमानाच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी; त्यांचे हात सावकाश, अगदी सावकाश हलवा. हे नऊ ग्रॅमचे सर्व्हो, आत नायलॉनचे दाते. एखादा दाता गेला असेल तर फिरता फिरता बोटाला एक रिकामी जागा लागते. माझा एक सर्व्हो असाच गेला होता. ठीक आहे. यावर फार बसायचं कारण नाही.

शेपटीपाशी आलो आणि मला मामा आठवले.

माझे मामा गवंडी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, विसर्जन आटोपून थकलेली गावं झोपेत असताना किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर मराठवाड्यात घरांची तपासणी आणि मजबुतीकरण पुढं कित्येक वर्षं चाललं, मामा त्या कामांवर जायचे. त्या पहाटेशी माझ्या खेळण्याची बरोबरी मी कधीच करणार नाही. पण भेग बघायला मी त्यांच्यामागं फिरून शिकलो, म्हणून सांगतो.

आपल्याकडच्या जुन्या दगडी भिंती दोन-अडीच फूट जाड. लोक म्हणायचे, एवढी जाड भिंत, तिला काय होणार? प्रत्यक्षात त्या एकामागं एक उभ्या केलेल्या दोन भिंती असायच्या, एक बाहेरची, एक आतली, मधे चिखल आणि दगडाच्या कपच्या. दोन्ही बाजूंना धरून ठेवणारा आरपार दगड नसेल तर हादऱ्यात त्या एकमेकींपासून सुटतात, बाहेरच्या बाजूचं पोट सुटतं, आणि वर माळवदाची कित्येक टन माती असते. मजबुतीकरणात भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोकं पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरायचे, ते या दोघींना बांधण्यासाठी.

मामा भेग दिसली की हात लावायच्या आधी बघायचे ती नवी की जुनी. जुन्या भेगेत धूळ, कोळ्याचं जाळं, कधीचा चुना. नवी भेग आतून स्वच्छ. भेग जिवंत आहे का हे बघायला ते तिच्यावर आडवी प्लास्टरची पातळ पट्टी ओढायचे आणि तारीख घालायचे. आठवड्यानं पट्टी तडकली असेल तर भिंत अजून हलतेय. पट्टी शाबूत असेल तर भेग झोपलीय. घरधन्याला घाई असायची. “गिलावा करून टाका की मिस्त्री,” तो म्हणायचा. मामा म्हणायचे, “झाकायला एक दिवस लागंल मालक. आधी तिला बोलू द्या.”

आता माझ्या विमानाच्या शेपटीकडे या. बॉडी जिथं सगळ्यात बारीक होते तिथं ती तुटली होती, आणि त्या जागेवर वरच्या बाजूनं रुंद टेप लावलेली होती. मीच लावलेली, महिनाभरापूर्वी, उतरताना शेपूट बांधाला घासली तेव्हा. टेप अलगद सोलली. मोड उजेडाकडे धरली.

खालचा अर्धा भाग पांढराशुभ्र होता. दाणे पूर्ण, गोल, ओल्या खोबऱ्यासारखे चमकणारे. वरचा अर्धा भाग करडा. दाण्यांच्या कडा घासून बोथट झालेल्या, मधल्या फटींत काळ्या मातीची पूड बसलेली. दोन रंगांच्या मधली सीमा पेन्सिलच्या रेघेइतकी बारीक. पांढरं होतं ते त्या सकाळचं. करडं होतं ते महिनाभराचं.

ही जागा बघत राहा. मी बराच वेळ बघत होतो.

काय झालं ते मग उलगडलं. काठी ओढली की एलिव्हेटर, म्हणजे शेपटीवरची आडवी झडप, वर होतो, वारा त्याला खाली दाबतो, शेपूट खाली गेली की नाक वर यायला पाहिजे. पण बॉडीला वरून तडा असेल तर त्या दाबानं तडा उघडतो आणि शेपूट सबंधच खाली झुकते. झुकली की तिचा आडवा पंख पुढून उचलला जातो, त्याला खालून वारा लागतो, आणि तो शेपटीला उलट वर ढकलायला लागतो. मी जितका जोर लावत होतो तितका तडा उघडत होता. माझाच हात माझ्या हाताला खोडून काढत होता. टेपचा डिंक उन्हानं केव्हाच सैल झालेला. वाऱ्यानं काहीही केलं नव्हतं.

इथं मन लगेच दोनपैकी एका बाजूला पळतं. एक म्हणतं, सगळी चूक माझीच. दुसरं म्हणतं, जाऊ दे, आता कळलं ना. दोघांनाही बसायला सांगा. अजून मोड हातात आहे. त्या दिवशी टेप का लावली? ऊन चढत होतं आणि आणखी एक चक्कर मारायची होती. एवढंच कारण होतं. ते तसंच्या तसं बघा, त्याला मोठंही करू नका, लहानही करू नका. मी मुलाला हाक मारली, त्याला दोन रंग दाखवले आणि वाऱ्याचं मी चुकीचं सांगितलं होतं हे सांगितलं. त्यानं मोडीला बोट लावून बघितलं. बोटाला करडी पूड आली.

आता काय ठेवायचं, काय सोडायचं. माझा नियम साधा आहे: जे फिरतं आणि जे पेटतं ते सांधायचं नाही. पंखा दहा इंची, मिनिटाला हजारो फेरे घेणारा. त्याच्या कडेला नखभर खाच पडली तरी तो टाकायचा, कारण सुटलेलं पातं डोळ्याकडेही येऊ शकतं. वाकलेला दांडा सरळ करत बसायचं नाही, नवा घालायचा. फुगलेली बॅटरी परत चार्जरला लावायची नाही. बाकी थर्मोकोल, कामटी, कागद, हे सगळं सांधता येतं, आणि त्याला हवा तेवढा वेळ द्यायचा.

“काका, फेव्हिक्विक आणू?”

“आण,” मी म्हणालो, आणि एका टाकाऊ तुकड्यावर त्याला एक थेंब टाकायला लावला. थेंब क्षणभर चमकला. मग त्याच्याखालचे दाणे आकसत गेले, बारीक खड्डा पडला, खड्डा खोल होत गेला आणि कडेला कडक पापडी राहिली. साधा थर्मोकोल या गोंदात विरघळतो. सोबत थोडी गरमीही येते, बोटाला कळते. एवढ्या लवकर धरणारा गोंद, आणि तो धरायची वस्तूच खातो. मुलगा ते फार बारकाईनं बघत होता. मी काही बोललो नाही.

थर्मोकोलला पांढरा फेविकॉल चालतो, पण दोन जाड तुकड्यांच्या मधे त्याला हवा लागत नाही, आणि तो चार दिवसांनीही आतून ओला असतो. म्हणून दोन्ही बाजूंना पातळ हात मारून थोडा वेळ उघडा ठेवायचा, चिकट झाला की मग जोडायचा. जोराच्या जागी दोन नळ्यांचा, मिसळून लावायचा इपॉक्सी. जिथं मूळ मोड शुद्ध आहे तिथं ती तशीच बसवायची. जिथं ती करडी आहे तिथं गोंद धुळीला चिकटतो, थर्मोकोलला नाही. म्हणून करडा भाग मी पात्यानं काढून टाकला, तिरका. सरळ कापापेक्षा तिरक्या कापात गोंदाला धरायला जास्त जागा मिळते. त्या फटीत नवा तुकडा घातला.

आणि आधाराला कामटी. पतंगाची असते तशी, बांबूची, जरा जाड. तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना किमान वीतभर गेली पाहिजे. तिची टोकं निमुळती करा, आणि दोन कामट्या घालणार असाल तर त्यांची टोकं एकाच रेषेत आणू नका. हे घाईत कुणी करत नाही, आणि नंतरची मोड बहुतेक वेळा तिथंच होते: जुनी जागा दगडासारखी पक्की, आणि पक्कं जिथं संपतं त्याच्या लगेच पुढं नवा तडा. कडक आणि मऊ यांची गाठ एकदम पडू नये, हळूहळू पडावी. पात्यानं कामटीचं टोक तासताना बांबूची लांब, कुरळी साल निघते. ती निघताना बघा. हात हलका ठेवा.

गोंद वाळेपर्यंत करायला काही नसतं. रात्र मधे घालवावीच लागते. अशा रात्री मला राइट बंधू आठवतात. १८७८ साली त्यांच्या वडिलांनी बूच, बांबू आणि कागदाचं, रबरावर उडणारं एक खेळणं आणलं होतं. ते मोडलं तेव्हा या पोरांनी तसंच दुसरं बनवलं, मग त्याहून मोठं. पुढं १४ डिसेंबर १९०३ ला नाणं उडवून पहिली पाळी विल्बरची आली. त्यानं नाक फार वर घेतलं, वेग गेला, साडेतीन सेकंदांत यंत्र वाळूत उतरलं आणि पुढचा एलिव्हेटर मोडला. त्यानंतरचे दोन दिवस त्यांनी दुरुस्तीला दिले. १७ तारखेला ऑर्व्हिल १२ सेकंद उडाला, १२० फूट. त्याच दिवशीच्या चौथ्या उड्डाणात विल्बर ५९ सेकंद, ८५२ फूट. हे आकडे शाळेत असतात. १५ आणि १६ डिसेंबर पुस्तकात नसतात. त्या दोन दिवसांत त्या गारठ्यात लाकूड घासलं जात होतं, कापड ताणलं जात होतं, याचा मी विचार करतो. चौथ्या उड्डाणानंतर जमिनीवर उभं असतानाच वाऱ्यानं ते यंत्र उलटवलं, आणि ते पुन्हा कधी उडालं नाही. पेट्यांत भरून ठेवलं ते १९१३ च्या डेटनच्या पुरात चिखलपाण्याखाली गेलं. १९१६ साली ऑर्व्हिलनं ते पुन्हा जुळवलं, उडवायचं नव्हतं तरी.

सकाळी तराजू घ्या. गोंदाला वजन असतं, आणि ते कुठं बसलंय याला फार महत्त्व आहे. माझ्या शेपटीत गोंद, कामटी, कागद मिळून १० ग्रॅम वाढले. शेपूट तोलाच्या जागेपासून ६० सेंटिमीटर मागं, नाक २० सेंटिमीटर पुढं. म्हणजे ते १० ग्रॅम तोलायला नाकात ३० ग्रॅम घालावे लागतात. दहाचे चाळीस झाले. एवढं वजन पंख प्रत्येक वळणात उचलणार. म्हणून आधी जागोजागी ओघळलेला गोंद खरवडला, जुन्या टेपचा तुकडा न् तुकडा काढला, आणि १० चे ६ वर आणले. बॅटरी बोटभर पुढं सरकवली. वेगळं शिसं लागलं नाही.

आता तोल बघा. माझ्या पंखाची रुंदी २० सेंटिमीटर. पुढच्या कडेपासून साडेपाच-सहा सेंटिमीटरवर, दोन्ही पंखांखाली, एकेक बोट टेकवा आणि विमान उचला. फक्त दोन बोटांवर. श्वास रोखू नका, रोखला तर बोटं थरथरतात. विमान थोडं डोलेल, कुठं झुकायचं ते त्याला ठरवू द्या. नाक किंचित खाली गेलं तर बरं. शेपूट खाली जात असेल तर अजून उडवू नका, कितीही मन झालं तरी. माझं नाक खाली गेलं, फार सावकाश, झोप लागलेल्या पोराची मान कलते तसं.

मग बाकीचं. रिमोट चालू, मग बॅटरी. काठी डावीकडे तर डावा एलरॉन, म्हणजे पंखावरची झडप, वर, हे विमानाच्या मागं उभं राहून तोंडानं म्हणत तपासा; सर्व्हो बदलल्यावर दिशा उलटी राहिलेली असू शकते. एकानं विमान धरायचं, दुसऱ्यानं रिमोट घेऊन लांब चालत जायचं, सगळं हलतंय का बघायचं. माणसं, गुरं, विजेच्या तारा यांच्यापासून लांबची जागा. २०२१ च्या ड्रोन नियमांत अशी मॉडेल विमानं नजरेच्या टप्प्यात ठेवायला सांगितलंय, आणि मोकळ्या भागातही परवानगीशिवाय १२० मीटरच्या वर जायचं नाही. तसंही पाऊण किलोचं थर्मोकोल त्याच्या निम्म्यावर गेलं की त्याची वरची बाजू कोणती, खालची कोणती, हे डोळ्याला कळायला अवघड जातं.

उडवायच्या आधी मी एक केलं. शेपटीच्या सांध्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं बारीक रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. मुलानं विचारलं हे काय. मी त्याला मामांच्या प्लास्टरच्या पट्टीचं सांगितलं.

सूर्य नुकताच वर आला होता. पऱ्हाटीवर दव नव्हतं, वारं पडलेलं होतं. मुलानं विमान डोक्याच्या वर धरलं, नाक सरळ, आणि चार पावलं पळून सोडलं. ते थोडं खाली बसलं, मग वर गेलं. मी काठी किती हलकी ओढतोय हे मला बोटांत कळत होतं. पाच मिनिटांत उतरवलं. मुलगा आणायला धावला, आणि विमानापाशी पोचल्यावर अचानक थांबला. हात पाठीमागं घेतले, एक चक्कर मारली, मग खाली वाकून शेपटीकडे बघू लागला.

“काका,” तो तिथूनच ओरडला, “रेघ हाय तिथंच हाय!”

आणखी दोन चकरा झाल्या. प्रत्येक वेळी त्यानं वाकून बघितलं.